नवं उबंटू, जुना एनएस२: बिल्ड कुठे अडतं आणि कसं सोडवायचं

इंजिनीअरिंग कॉलेजच्या नेटवर्किंग लॅबमध्ये नवं सत्र सुरू झालं की एक तक्रार ठरलेली असते. मशीनवर नवं उबंटू टाकलं आणि एनएस२ (नेटवर्कचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) बिल्ड होईना, म्हणजे सोर्सवरून तयार होईना. इन्स्टॉल स्क्रिप्ट बराच वेळ व्यवस्थित धावते. टीसीएल (एनएस२ची स्क्रिप्ट भाषा) होतं, टीके होतं, ओटीसीएल होतं, आणि मग ‘एनएस मेक फेल्ड!’ एवढं बोलून ती थांबते. पोरं त्या ओळीचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. त्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही, कारण ती ओळ स्क्रिप्टची असते, कंपायलरची नाही. खरं कारण वर कुठेतरी, वॉर्निंगच्या ढिगाखाली पडलेलं असतं.

खाली उदाहरण मुख्यतः एनएस-ऑलइनवन-२.३५चं (एनएस२ आणि त्याला लागणारं सगळं एकत्र देणारा सोर्सचा संच) घेतलंय, कारण आपल्याकडे अजून ढीगभर प्रोजेक्ट त्याच्यावरच चालतात. पण जुना सोर्स आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम अशी गाठ पडते तिथे सगळीकडे याच गोष्टी अडतात. कमांड आणि फाइलींची नावं बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावाने शोधू नका

‘उबंटू २४.०४ एनएस२ एरर’ असं शोधलं की पाच-सहा ठिकाणी तेच ते उतारे मिळतात, निम्म्यांत तर आवृत्तीचा आकडा तेवढा बदललेला असतो. उबंटू स्वतः तुमचा सोर्स कंपाइल करत नाही. ते काम होतं त्यातल्या जीसीसी (कंपायलर), जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी), पायथन, सीमेक (बिल्ड चालवणारं अवजार), ओपनएसएसएल यांच्या जोरावर. आवृत्ती बदलली म्हणजे ही सगळी अवजारं एकदम बदलली, आणि त्यांतलं एखादंच तुमच्या आड येतंय. ते कोणतं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

उबंटू २०.०४ मध्ये मूळ जीसीसी ९ होता, २२.०४ मध्ये ११, २४.०४ मध्ये १३. डेबियन १३ आणि फेडोरा ४० मध्ये १४, फेडोरा ४२ मध्ये १५. पायथन २२.०४ मध्ये ३.१० होता, २४.०४ मध्ये ३.१२. म्हणून शोधताना ‘जीसीसी १३’ किंवा ‘पायथन ३.१२’ आणि एररचं नेमकं वाक्य एवढंच टाका. सॉफ्टवेअरचं नाव नंतर. त्याच एररवर दुसऱ्या कुठल्या तरी प्रोजेक्टने काढलेला तोडगा बहुतेक वेळा जसाच्या तसा लागू पडतो.

पहिला एरर

बिल्डचं आउटपुट आणि एरर, दोन्ही ‘टी’ कमांडमधून एका फाइलीत घ्या. मेकला ‘-जे’ देऊन एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करत असाल तर तपासापुरतं ते बंद करा. नाहीतर चार फाइलींचे एरर एकमेकांत मिसळतात आणि पहिला कोणता तेच कळत नाही. मग फाइलीत ‘एरर:’ हा शब्द पहिल्यांदा कुठे येतो ते ग्रेपने बघा. पुढचे पन्नास एरर बहुधा त्याचीच पिलावळ असतात.

लिंकरच्या (कंपाइल झालेल्या फाइली जोडणाऱ्या प्रोग्रामच्या) बाबतीत मात्र हे फसतं. तिथे ‘कलेक्ट२: एरर’ ही ओळ सगळ्यात शेवटी येते आणि ती फक्त अपयश कळवते. कारण तिच्या वरच्या ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ किंवा ‘मल्टिपल डेफिनिशन’वाल्या ओळींत असतं, आणि त्यांत ‘एरर’ हा शब्दच नसतो.

एनएस२च्या बाबतीत नव्या उबंटूवर पहिला एरर बहुतेक ठरलेला आहे. लिंकस्टेट फोल्डरमधल्या एलएस.एच या फाइलीच्या १३७व्या ओळीवर कंपायलर म्हणतो, ‘इरेज’ या स्कोपमध्ये डिक्लेअर केलेलं नाही. ती ओळ ‘इरेजऑल’ या फंक्शनची आहे आणि आत ‘इरेज’ला बेसमॅपचा बिगिन आणि एंड दिलेला आहे. उपाय एका शब्दाचा: ‘इरेज’च्या आधी ‘धिस->’ जोडायचं. फाइल सेव्ह करायची, एनएस-२.३५च्या फोल्डरमध्येच मेक चालवून बघायचं, आणि ते सुटलं की वरच्या फोल्डरमधून पूर्ण इन्स्टॉल स्क्रिप्ट पुन्हा चालवायची, कारण पहिल्या वेळी ती मध्येच थांबल्यामुळे नॅमपर्यंत (सिम्युलेशन चित्रात दाखवणाऱ्या प्रोग्रामपर्यंत) पोचलेलीच नसते.

हा एरर का येतो, हेही एकदा समजून घ्या, म्हणजे असाच दुसरीकडे भेटला तर अडणार नाही. एलएस.एच मधला क्लास टेम्प्लेट आहे आणि ‘इरेज’ त्याच्या पायाभूत क्लासकडून येतं. तो पायाभूत क्लासही टेम्प्लेटवरच अवलंबून. सी++च्या नियमाप्रमाणे अशा ठिकाणी नुसतं नाव लिहिलं तर कंपायलरने पायाभूत क्लासमध्ये ते शोधायचं नाही. ‘धिस->’ लावून तसं स्पष्ट सांगावं लागतं. जुना जीसीसी हे चालवून घ्यायचा. एनएस २.३५ आलं नोव्हेंबर २०११ मध्ये, आणि हा नियम कडक करणारा जीसीसी ४.७ आला मार्च २०१२ मध्ये. चार महिन्यांची चुकामूक, आणि तिची किंमत पोरं अजून मोजताहेत.

‘-एफपरमिसिव्ह’ देऊनही ही ओळ पार होते, पण एका शब्दाची दुरुस्ती समोर असताना सगळ्या सोर्ससाठी कंपायलर सैल करायचं काही कारण नाही.

जीसीसी ४.८चा सल्ला

सगळ्यात जास्त फिरणारा उपाय असा: सोर्सेस.लिस्टमध्ये उबंटू १६.०४ किंवा १८.०४चं भांडार (पॅकेजेसची रिपॉझिटरी) जोडा, तिथून जीसीसी ४.८ आणि जी++ ४.८ घ्या आणि मेकफाइल.इन मध्ये कंपायलरचं नाव बदला. याने बिल्ड होतं, म्हणूनच हा सल्ला टिकून आहे. १८.०४ नंतरच्या भांडारात ४.८ मिळत नाही, म्हणून लोक मागच्या दाराने जातात.

माझा याला विरोध आहे. ती ओळ कामापुरती जोडतात आणि तिथेच विसरतात. पुढे कधीतरी तुम्ही दुसरंच काहीतरी इन्स्टॉल करता, ते पॅकेज नव्या आवृत्तीतून काढून टाकलेलं असतं, आणि एपीटी (उबंटूचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) निमूटपणे जुन्या भांडारातून ते आणि त्याच्या जुन्या लायब्ररी ओढून आणतो. पुढच्या अपग्रेडला डिपेंडन्सीचा गुंता सुटत नाही आणि मग मशीन फॉरमॅट. जुना कंपायलर हवाच असेल तर आधी स्वतःच्याच आवृत्तीचं भांडार बघा, २२.०४ मध्ये ११ सोबत ९ आणि १० सुद्धा मिळतात. त्याहून जुना लागत असेल तर कंटेनर, त्याबद्दल खाली.

याच वर्गातला दुसरा उद्योग म्हणजे लायब्ररी सापडत नाही म्हणून नव्या एसओ फाइलीला जुन्या नावाची सिमलिंक करणं. लायब्ररीच्या नावातला आकडा वाढतो तो आतलं एबीआय (तयार प्रोग्राम आणि लायब्ररी यांची जुळणी) बदललं म्हणून. लिंकर फसतो, प्रोग्राम सुरूही होतो, आणि भलत्याच ठिकाणी सेगमेंटेशन फॉल्ट देतो. तो शोधण्यात जाणारा वेळ सोर्स नीट करण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

उत्तर बहुतेक वेळा डेबियनकडे तयार असतं

हे फार कमी जण वापरतात. नवा जीसीसी स्वीकारण्याआधी डेबियनवाले आपलं अख्खं भांडार त्याने बिल्ड करून बघतात, आणि जे पॅकेज पडेल त्यावर ‘एफटीबीएफएस’ म्हणजे सोर्सवरून बिल्ड होत नाही असा बग नोंदवतात. फेडोरातही अशी सामुदायिक पुनर्बांधणी होते. म्हणजे तुम्हाला आज आलेला एरर कुणीतरी आधीच पाहिलेला असतो, आणि पॅकेज भांडारात टिकून असेल तर दुरुस्तही केलेला असतो.

ती दुरुस्ती मिळवायची अशी. एपीटीच्या सोर्स यादीत सोर्स पॅकेजेस चालू करा. २४.०४ मध्ये ही यादी उबंटू.सोर्सेस नावाच्या फाइलीत आहे आणि तिथे ‘टाइप्स: डेब’च्या पुढे ‘डेब-एसआरसी’ लिहायचं. एपीटी अपडेट करा आणि ‘एपीटी सोर्स’ला पॅकेजचं नाव द्या. खाली आलेल्या फोल्डरमध्ये डेबियन, त्यात पॅचेस, आणि त्यात सिरीज नावाची फाइल असते. कोणता पॅच कोणत्या क्रमाने लावायचा ते तीत असतं. तुमच्या एररशी जुळणारा पॅच शोधा आणि तुमच्या सोर्सवर लावा. एखाद-दुसरी ओळ सरकलेली असली तरी पॅच काय करतोय ते वाचून हाताने बदल करता येतो.

एनएस२ आणि नॅमची तयार पॅकेजेसही डेबियन-उबंटूच्या कित्येक आवृत्त्यांत आलेली आहेत. तुमच्या आवृत्तीत आहेत का ते ‘एपीटी पॉलिसी’ने बघा. ज्या प्रॅक्टिकलमध्ये फक्त टीसीएल स्क्रिप्ट चालवून ट्रेस फाइल काढायची आहे, तिथे सोर्स बिल्ड करायची गरजच नाही. सोर्स लागतो तो प्रोटोकॉलमध्ये स्वतःचा बदल करायचा असेल तेव्हा. पहिल्याच प्रॅक्टिकलला सगळ्या वर्गाला बिल्ड करायला लावणं म्हणजे दोन तास पाण्यात.

जीसीसी १४ आणि सी भाषेतला जुना कोड

डेबियन १३ किंवा नव्या फेडोरावर गेलात तर सी++पेक्षा सीच्या फाइली जास्त त्रास देतील. न सांगता वापरलेलं फंक्शन, टाइप न लिहिता केलेलं डिक्लेरेशन, पॉइंटरच्या जागी इंट किंवा उलट, न जुळणारे पॉइंटर, या सगळ्यांवर जीसीसी वर्षानुवर्षं फक्त वॉर्निंग द्यायचा. १४ पासून ते एरर आहेत. क्लँगने इम्प्लिसिट फंक्शनच्या बाबतीत हेच १६व्या आवृत्तीत केलं होतं.

सोपा मार्ग आहे: सीफ्लॅग्जमध्ये ‘-एफपरमिसिव्ह’ द्या, जीसीसी १४ पासून तो सीलाही लागू होतो आणि हे एरर पुन्हा वॉर्निंग होतात. पण थोडं थांबा. फंक्शन डिक्लेअर केलेलं नसलं की कंपायलर ते इंट परत करतं असं धरतो. ते फंक्शन खरं पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिटच्या मशीनवर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळतात. बिल्ड हिरवं, आणि प्रोग्राम चालताना कोसळतो. म्हणून फ्लॅग लावलात तरी ‘इम्प्लिसिट’वाल्या वॉर्निंग एकदा डोळ्यांखालून घाला आणि पॉइंटर परत करणाऱ्या फंक्शनसाठी तरी योग्य हेडर जोडा. बहुतेकदा एसटीडीलिब, स्ट्रिंग किंवा युनिएसटीडी यांपैकीच एक राहिलेलं असतं.

याचाच एक छुपा प्रकार आहे आणि तो जास्त छळतो. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे छोटे सी प्रोग्राम कंपाइल करून सिस्टीममध्ये काय आहे ते तपासतात. त्या तपासणीच्या प्रोग्राममध्येच मेनला टाइप नसतो किंवा एक्झिटसाठी हेडर नसतं. जीसीसी १४ तो प्रोग्राम नाकारतो, आणि कॉन्फिगर त्याचा अर्थ ‘ही सोय सिस्टीममध्ये नाही’ असा लावून पुढे जातो. एरर नाही, काही नाही. मग मेकमध्ये कुठेतरी ‘कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स’ येतं, कारण सॉफ्टवेअरने स्वतःचं पर्यायी फंक्शन आत घेतलेलं असतं आणि सिस्टीमचंही असतंच. साधी सोय ‘चेकिंग फॉर’ पुढे ‘नो’ दाखवत असेल तर लगेच कॉन्फिग.लॉग उघडा. फसलेला प्रोग्राम आणि त्यावरचा कंपायलरचा एरर तिथे अख्खा छापलेला असतो. फ्लॅग मेकला न देता कॉन्फिगर चालवतानाच द्यायचा तो याचसाठी.

जीसीसी १५ने आणखी एक पाऊल टाकलं: सीचं मूळ मानक सी२३ केलं. आता बूल, ट्रू, फॉल्स हे राखीव शब्द आहेत, त्यामुळे ज्यांनी स्वतःचा बूल टाइपडेफ केला होता ते पडतात. फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थही ‘आर्ग्युमेंट नाहीत’ असा झाला. ‘-एसटीडी=जीएनयू१७’ दिलं की जुनं वागणं परत येतं, आणि इथे ते द्यायला काही हरकत नाही.

एका नजरेत ओळखता येणारे

‘मल्टिपल डेफिनिशन’, आणि तेच नाव अनेक ऑब्जेक्ट फाइलींत: हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल ठेवलंय, एक्सटर्न न लिहिता. जीसीसी १० पासून हे चालत नाही. ‘-एफकॉमन’ने सुटतं, एक्सटर्न लिहून नीट सुटतं.

‘यूइंट३२_टी हा टाइप नाही’, जीसीसी १३ वर: सीएसटीडीइंट हेडर जोडा. आधी ते दुसऱ्या हेडरच्या आडून येत होतं, आता येत नाही.

‘एसआयजीएसटीकेएसझेड’ कॉन्स्टंट नाही अशी कुरकुर: जीलिबसी २.३४चा परिणाम. सोर्समध्ये कॅच२ या टेस्टिंग लायब्ररीची जुनी कॉपी बसलेली असण्याची शक्यता दाट. ती नवी टाका.

‘-डब्ल्यूएरर’मुळे (हा पर्याय वॉर्निंगलाच एरर मानतो) पडलेलं बिल्ड तर एररच नव्हे. नवा कंपायलर नव्या वॉर्निंग देणारच. जुन्या एनएस३ (एनएस२नंतरचा सिम्युलेटर) मध्ये हे नेहमीचं, तिथे कॉन्फिगर करताना ‘डिसेबल-वेरर’ द्या. विकासकांनी तो पर्याय स्वतःसाठी ठेवावा, लोकांना दिलेल्या टारबॉलमध्ये नको, असं माझं ठाम मत आहे.

पायथन ३.१२

जुन्या एनएस३चं बिल्ड वॅफ नावाच्या पायथन स्क्रिप्टवर चालायचं, ३.३६ पासून ते सीमेकवर गेलं. जुन्या वॅफमध्ये ‘इंप’ मॉड्यूल वापरलंय आणि पायथन ३.१२ मधून ते काढून टाकलंय, त्यामुळे २४.०४ वर पहिल्याच ओळीला गाडी अडते. इथे जुना सोर्स दुरुस्त करत बसण्यापेक्षा एनएस३ची नवी आवृत्ती घ्या, किंवा वॅफची फाइल नव्या आवृत्तीने बदला.

‘डिस्टयुटिल्स’ही ३.१२ मध्येच गेलं. त्यामुळे पायथनची जुनी पॅकेजेस पडतात, आणि गंमत म्हणजे नोडची (नोड.जेएसची) सुद्धा, कारण त्यांचं बिल्ड करणारा नोड-जिप आतून पायथन वापरतो. नोड-जिप १० किंवा पुढचा घेतला की ते सुटतं. पायथनच्या बाजूला सेटअपटूल्स इन्स्टॉल केल्यास डिस्टयुटिल्सची जागा ते भरून काढतं, ३.१२ पासून नव्या व्हेनव्हमध्ये (पायथनच्या स्वतंत्र वातावरणात) ते आपोआप येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामने) ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार दिला तर ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ देऊ नका, त्या पर्यायाच्या नावातच काय होणार ते सांगितलंय. व्हेनव्ह करा.

सीमेक ४ ने ३.५च्या आधीची सुसंगतता काढली आहे. पिपने नवा सीमेक आणलेला असेल आणि जुन्या प्रोजेक्टवर त्याने हात वर केले तर ‘सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम’ ३.५ द्या.

अपग्रेडनंतर दुसरंच काही बिघडलं असेल तर

एनएस२ बसवताना बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत) पाथ, एलडी_लायब्ररी_पाथ आणि टीसीएल_लायब्ररी लिहायला सांगतात. ओएस अपग्रेड झाल्यावर एक दिवस गिटके (गिटचा इतिहास दाखवणारा प्रोग्राम) उघडत नाही आणि म्हणतं, टीसीएलच्या आवृत्तीचा झगडा आहे, आहे ८.६ आणि हवं नेमकं ८.५.१०. गिटचा काही दोष नसतो. टीसीएल_लायब्ररी हे व्हेरिएबल सिस्टीमच्या टीसीएल ८.६लाही ऑलइनवनमधल्या ८.५.१०च्या स्क्रिप्टकडे पाठवत असतं. एलडी_लायब्ररी_पाथही असाच सगळ्या प्रोग्रामवर सावली धरतो.

बॅशआरसीतून तिन्ही ओळी काढा. एक छोटी शेल स्क्रिप्ट करा, तीत ही तिन्ही व्हेरिएबल एक्सपोर्ट करा आणि शेवटी एनएसला आलेली आर्ग्युमेंट देऊन चालवा. स्क्रिप्टला तुमच्या लोकल बिनमध्ये ठेवा. एनएस२चा संसार एनएस२पुरता राहतो.

एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर व्हर्च्युअल मशीनमध्ये उबंटू चालवणाऱ्यांना एक वेगळाच अडथळा येतो: कॉन्फिगर म्हणतं, सिस्टीम कोणती ते ओळखता येत नाही. २०११च्या कॉन्फिग.गेस फाइलीला ६४ बिट एआरएम माहीतच नाही, तो तीत २०१२ मध्ये आला. ऑटोटूल्स-डेव्ह पॅकेज टाका, यूएसआर/शेअर/मिस्क मधल्या कॉन्फिग.गेस आणि कॉन्फिग.सब या दोन फाइली घ्या आणि सोर्समध्ये या नावाच्या जितक्या फाइली सापडतील त्या सगळ्यांवर कॉपी करा. ‘फाइंड’ वापरा; ऑलइनवनमध्ये त्या एकाच जागी नाहीत.

थेट मॅकओएसवर बिल्ड करत असाल आणि ओएस अपडेटनंतर ‘इनव्हॅलिड अ‍ॅक्टिव्ह डेव्हलपर पाथ’ आलं, तर कमांड लाइन टूल्स पुन्हा बसवायला लागतात. एक्सकोड-सिलेक्टला इन्स्टॉल पर्याय द्या, बाकी काही शोधू नका.

सगळं करूनही नाही झालं तर

उबंटू १८.०४चा डॉकर कंटेनर घ्या, म्हणजे तुमच्या मशीनच्या आत वेगळं ठेवलेलं जुनं उबंटू. जीसीसी ४.८ त्याच्या स्वतःच्या भांडारात आहे, तुमची मशीन स्वच्छ राहते, आणि तीच इमेज लॅबमधल्या सगळ्या मशीनवर चालते. १८.०४चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्ये संपलाय, तेव्हा त्या कंटेनरमधून बाहेर कोणतंही पोर्ट उघडू नका.

कंटेनरमध्ये एक्सची (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या सोयीची) जोडणी करत बसण्यात लोकांचा दिवस जातो, आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते. डिस्प्ले फक्त नॅमला लागतो. एनएस तर टर्मिनलवरच चालतं आणि ट्रेस फाइल लिहून मोकळं होतं. होम फोल्डरमधली प्रोजेक्टची डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट करा, सिम्युलेशन आत चालवा, आणि टीसीएल स्क्रिप्टच्या शेवटी नॅम सुरू करणारी ‘एक्झेक’ची ओळ कॉमेंट करा. नॅम बाहेरच्या उबंटूवर भांडारातून बसत असेल तर ट्रेस तिथे उघडा. थ्रूपुटचे आलेख तर ऑक आणि ग्नूप्लॉटने बाहेरच काढता येतात.